लोकरीला पाणी दाखवलं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. ह्यांच्याजवळही नाही — खरं तर ह्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगते, नाहीतर मला जमायचं नाही.

गोष्ट एका गालिच्याची आहे. हसू नका. चिखलीतल्या आमच्या कॉलनीत दिवाळी जवळ आली की गालिचे हा मोठाच विषय होतो. कुणी मशीनवाल्याला बोलावतं, कुणी अंगणात पाइप लावून साबणाने घासतं. आमच्याकडे सुमनबाई होत्या, अकरा वर्षं कामाला. सासूबाईंच्या मागे राहिलेला लाल लोकरी गालिचा, पांढऱ्या काठाचा — तो त्या गच्चीच्या कठड्यावर उलटा टाकायच्या, काठीने बडवायच्या, मग जाडं मीठ भुरभुरून तासाभराने कुंच्याने झाडून काढायच्या. पाण्याचा थेंब नाही. "लोकरीले पाणी नाई दाखवाचं बाई," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मला ते मीठ बघवत नसे. मग मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला — गरम पाणी, सोडा, व्हिनेगर, दहा मिनिटांत गालिचा नवाकोरा. बाजाराच्या दिवशी सुमनबाई सुट्टीवर होत्या. मी बादली घेऊन गच्चीवर गेले. कशासाठी? बाईला दाखवून द्यायचं होतं, दुसरं काय.

लाल रंग पांढऱ्या काठात उतरू लागला. मी पुसत गेले, तसा तो पसरत गेला.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, हे कुणी केलं? आईची म्हणून ती एकच वस्तू ह्यांच्याकडे उरली होती. मी विचार केला का? नाही. तोंडातून सरळ आलं — सुमनबाईंनी. इतकं सहज, की माझाच आवाज ऐकून मी दचकले. तो धक्का अजून ओसरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी हे त्यांना नको नको ते बोलले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दूध उतू जाईल म्हणून आत गेले. गॅस बंदच होता. बाहेरून आवाज आला, "हाव साहेब, माह्यं चुकलं."

त्यांचं आमच्याकडचं काम सुटलं. शेजारणीने कारण विचारलं, तेव्हा मी तिला गालिचाच दाखवला. महिन्याभरात सुमनबाईंची कॉलनीतली बाकीची तीन घरंही सुटली. मी एका वाक्यात ते थांबवू शकले असते. नाही थांबवलं.

आणि पुढचं ऐका. दुसऱ्या दिवाळीला तीच शेजारीण गालिचा कसा साफ करू म्हणून आली, तर मी तिला काय सांगितलं? उलटा टाका, बडवा, मीठ पसरा, पाणी नको. आता कॉलनीत ह्याला मॅडमची पद्धत म्हणतात.

मागच्या महिन्यात बसस्टँडवर सुमनबाई दिसल्या. मी तोंड फिरवणार, तोवर त्यांनी हात धरला. मला वाटलं, आता चारचौघांत ऐकावं लागणार. त्यांनी विचारलं, "बाई, तो डाग निघाला काय?"

मी समोरच्या गाडीची पाटी वाचू लागले.

"त्याच दिवशी मले सांगतलं असतं त काढला असता मी. ओला हाय तोवर मिठानं निघते. वाळल्यावर नाई."

म्हणजे त्या संध्याकाळी मी खरं बोलले असते, तर त्यांचं कामच काय — गालिचाही वाचला असता? आणि तोंडातून काय आलं, सांगू? "निघाला, सुमनबाई."

त्यांना बरं वाटलं. खरंच वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. "चांगलं झालं, साहेबाच्या मायचा व्हता," म्हणाल्या आणि मेहकरच्या गाडीत चढल्या.

डाग आहे तिथेच आहे, दिवाणाखाली सरकवलेल्या बाजूला. काल समोरच्या घरातली नवी सून विचारायला आली होती. मीठ किती घ्यायचं ते मी तिला सांगितलं. कुणाकडून शिकले, ते नाही.