मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर

कोयनानगरच्या घाटात मी एसटीच्या नव्या ड्रायव्हरांना बस शिकवतो. ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं, एवढंच डोक्यात भरवताना घसा बसतो. बहुतेकजण ट्रक, टँकरवरून आलेले. उतार दिसला की डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात.

जतचा एकजण तसाच. पाण्याचा टँकर चालवून आलेला, सपाट रस्त्याचा गडी. पहिल्याच उताराला त्याचा हात न्यूट्रलकडे गेला. मी खेकसलो, "मागं माणसं बसणार हायती रं, पाणी न्हाई!" पुढं मात्र तो घाट असा शिकला, की शेजारी बसून मला डुलकी लागायची.

पास झाला आणि पेढे घेऊन आला. शिरवळच्या कारखान्याची कामगारांची बस मिळाली होती त्याला. "आवं आण्णा, तितं एसटीवानी मुक्कामी गाडी न्हाई, रातचं परगावी ऱ्हायाचं न्हाई. पोरास्नी तितंच न्हेतोय, रोज रातीला त्यांच्याजवळ झोपाय मिळतंय."

माझी उमेदीची वर्षं मुक्कामी गाडीवर, परगावच्या देवळात नाहीतर गाडीशेजारी झोपण्यात गेली. चांगले तयार झालेले सगळे असेच एसटी सोडून जातात.

परवा आमच्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली. ड्रायव्हर नाही म्हणे. सरपंचानं मलाच गाठलं, "आण्णा, तुमच्याकडं ड्रायव्हर तयार हुत्यात न्हवं?"

म्हटलं, "हुत्यात की. लय चांगलं हुत्यात."