सुनील सर आणि फळ्याचा फोटो

आज सकाळी सुनील सर गेले, आणि माझ्या नातीला तिच्या फोनने ते सांगितलंच नाही.

ग्रुपवर कुणीतरी सरांचा हार घातलेला फोटो टाकला. नाव, वेळ, सगळं फोटोवरच छापलेलं.

ऋतुजाला दिसत नाही. फोन तिला वाचून दाखवतो. तो म्हणाला, "फोटो."
बास.
मग मी सांगितलं.

ती पाचवीत होती तेव्हाही हेच. वर्गाच्या बाई फळ्यावर गृहपाठ लिहून फोटो टाकायच्या. पोरगी म्हणायची, "आजी, फोन नुसता फोटो-फोटो करतोय."
मला वाटलं, कामचुकार. दिली एक ठेवून.

महिन्याने बाईंनी बोलावलं. "हिला अंधशाळेच्या वसतिगृहात घाला, आजी. इथं जमायचं नाही."
मी तिचे कपडे भरायला घेतले. खोटं कशाला बोलू?

सुनील सर अशा मुलांसाठी घोटीकडच्या शाळा-शाळांतून फिरायचे. घरी आले, भरलेली पिशवी बघितली, ऋतुजाचा फोन कानाला लावून ऐकला.

"आजी, पोरगी खरं बोलतेय. फोटोतली अक्षरं याला वाचता येत नाहीत."
"मग एवढा फोन काय चाटायचाय?"
"फोन बरोबर आहे. पाठवणारे चुकतायत."

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत. बाई म्हणाल्या, "सर, एका मुलीसाठी रोज टाइप कोण करणार?"
"टाइप नका करू. हे माईकचं बटण दाबा आणि बोला."

बाई बोलल्या. अक्षरं उमटली. ऋतुजाच्या फोनने तिथल्या तिथे वाचून दाखवली.
"एवढंच होतं?" बाई म्हणाल्या.
"एवढंच."

मी तिसरी शिकलेली. तिचा फोन बोलायला लागला की मलाही पहिल्यांदा कळलं, शाळेत काय चाललंय. शेजारच्या दोघी दारात येऊन ऐकायच्या, आपल्या पोरांना काय दिलंय ते.
ही पोस्टही मी बोलूनच लिहितेय.

त्या दिवशी घरी येऊन सर म्हणाले, "आजी, तिला सॉरी म्हणा."
"आमच्यात नातीला सॉरी म्हणत नाहीत."
"मग आजपासून म्हणा."
म्हटलं. लय जड गेलं.
ती म्हणाली, "जोरात लागली होती, आजी."

ऋतुजा आता दहावीत आहे. त्याच शाळेत. संध्याकाळी घरी येते, माझ्या भाजीला नावं ठेवत दोन भाकरी खाते.

सर, ही नावं ठेवणारी घरात राहिली ती तुमच्यामुळे.
नीट जा. आम्हा दोघींचा नमस्कार.