बकरीच्या वाट्याचं शीत

एटापल्लीकडच्या जंगलगावांत बकऱ्यांची पोटं तपासता तपासता माझी नोकरी संपत आली. किस्से जमवायला मी काही निघालो नव्हतो, ते औषधांच्या पिशवीत आपोआप साठत गेले. इथली पाळलेली बकरी उपासाने आजारी पडत नाही, लाडाने पडते. हे सांगून सांगून घसा बसला. आता सांगायचाही कंटाळा येतो.

*

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला. एकदा मांडवामागे पाच बकऱ्या पोट फुगून आडव्या!

"काय खाल्लं यांनी?"

नवरदेवाचा बाप म्हणाला, "काई नाई साहेब, उरलंसुरलं."

उरलंसुरलं म्हणजे अर्धा गंज भात आणि वर बुंदी. मी वैतागून म्हटलं, "पंगतीतच बसवायचं होतं."

तो गंभीरपणे म्हणाला, "जागा नव्हती."

*

आमच्या जनावरांच्या दवाखान्यातले परिचर तुळशीरामभाऊ बकरीच्या डाव्या कुशीवर टिचकी मारून पोटातला गॅस ओळखतात. एका घरी त्यांनी टिचकी मारली, तेल पाजलं, तर घरधन्याने आपलंच पोट पुढे केलं.

"भाऊ, माह्यंबी पाहून घ्या."

भाऊंनी टिचकी मारली आणि म्हणाले, "तुले तेल नाई, उपास लागते." तो नाराज होऊन घरात गेला.

*

एकाला बजावलं, दोन दिवस दाणा बंद, फक्त सुका पाला. दुसऱ्या दिवशी बकरी आणखी फुगलेली.

"दाणा दिलास ना?"

"नाई साहेब, शपथेवर. पोळी देली."

मी पिशवीतून पुन्हा तेलाची बाटली काढली.

*

एका गावात नेटवर्क फक्त टेकडीवर. मी म्हटलं होतं, "व्हिडिओ कॉलवर पोट दाखव." गडी फुगलेली बकरी खांद्यावर घेऊन टेकडी चढला. चढताना ती ढेकरांवर ढेकर देत गेली. कॉल लागला तेव्हा ती शांतपणे रवंथ करत होती.

तो धापा टाकत म्हणाला, "साहेब, आता बरी हाय. ठेवू का फोन?"

*

सोमीबाई म्हातारी, घरात ती आणि तिची बकरी, तिसरं कोणी नाही. इकडे नवं धान आधी देवाला दाखवतात, मग घरातले सगळे मिळून खातात. सोमीबाईने बकरीलाही ताटभर भात वाढला. बकरी तीन दिवस मरणाच्या दारात होती. कशीबशी वाचली, आणि मी चिडून बोललो, "पुन्हा भात दिला तर मला बोलवू नका."

पुढच्या वर्षी तुळशीरामभाऊंबरोबर लस टोचायला गेलो. गावात नवं खाऊन महिना झाला होता. सोमीबाईच्या चुलीवर मात्र कुटकीची, म्हणजे भरड धान्याची, पेज. नव्या धानाची टोपली कोपऱ्यात तशीच होती.

मी विचारलं, "काऊन बाई, नवं नाई खाल्लं?"

"कसं खाऊ? तिचं तं तुमीच बंद केलं. घरातल्या एकाले सोडून नवं खाता येते का?"

मला माझीच लाज वाटली. तुळशीरामभाऊ उगाच पिशवी आवरत बसले.

तिनेच विचारलं, "एक शीत चालन का, साहेब?"

"चालते बाई."

तिने धान कांडलं आणि भात शिजवला. एक शीत फुंकून गार केलं, बकरीच्या जिभेवर ठेवलं, ती गिळेपर्यंत थांबली. मग स्वतःला वाढून घेतलं.