नावेचा कंट्रोलर आणि मासळीचा काटा

नाव धरणाच्या बॅकवॉटरच्या मधोमध थांबली तेव्हा तिच्यात नऊ माणसं, दोन बकऱ्या आणि मी होते.

मी सोलर इंजिनिअर. आमची कंपनी नागपूरला, वाडीतल्या गोडाऊनांच्या रांगेत. या नावेवरची सोलर सिस्टिम आम्हीच आठ दिवसांपूर्वी बसवली होती. छपराच्या जागी एक मोठं पॅनल, फळीखाली बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि मागे इलेक्ट्रिक मोटर. मोटर दमते अशी तक्रार आली म्हणून मी आले होते. ती माझ्यासमोरच दमली.

नाव चालवणाऱ्या नामदेवकाकांनी शांतपणे वल्हं उचललं.

"डिझेल इंजिन बंद पडाच्या आधी खोकलत तरी होतं," ते म्हणाले. "हे तं न सांगता झोपते."

नाव मच्छीमार सोसायटीची. पलीकडच्या काठावर शाळा, दवाखाना आणि बाजार. रस्त्याने वळसा घालायचा तर दीड तास जातो आणि बस दिवसातून दोनदाच येते. दुसऱ्या दिवशी सोसायटीची मीटिंग होती. नाव चालणार नसेल तर सोलर उतरवून पुन्हा डिझेल बसवायचं, हे तिथे ठरणार होतं.

काठाला लागल्यावर मी साहेबांना फोन केला. बोंद्रे साहेब कंपनीचे मालक. माणूस वाईट नाही, पण फोनवर त्यांचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असतं.

"ते लोक नावेत मोबाइल चार्ज करते ना? मंग? रिपोर्टात लिहून टाक, ओव्हरलोड. वॉरंटी संपली, विषय संपला."

"सर, मोबाइलनं एवढी बॅटरी बसत नाही."

"तू इंजिनिअर हाये का त्यांची वकील?"

मी फोन ठेवला. सर्व्हिस रिपोर्टवर 'बिघाडाचं कारण' असा एक रकाना असतो. तो बहुतेक वेळा फोनवर ठरतो, जागेवर नाही. माझा याला पहिल्यापासून विरोध आहे. तिथे एक शब्द लिहिला की नऊ माणसांची नाव जाते, आणि लिहिणारा संध्याकाळी घरी जाऊन जेवतो.

म्हणून आधी मोजायचं ठरवलं.

इथे थोडं समजून घ्यावं लागेल. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये एक डबी असते, तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. बॅटरीत किती वीज जाऊ द्यायची ते ती ठरवते. ती दोन प्रकारची मिळते. आमचं पॅनल उन्हात पस्तीसेक व्होल्टवर जोरात काम करतं. बॅटरीला लागतात तेरा-चौदा. पीडब्ल्यूएम नावाचा साधा कंट्रोलर पॅनलला बॅटरीच्या पातळीवर खाली ओढतो. वरचे व्होल्ट वाया जातात. एमपीपीटी नावाचा कंट्रोलर त्या जास्तीच्या व्होल्टचा करंट करून बॅटरीला देतो. म्हणून अशा पॅनलला एमपीपीटीच लागतो. यादीत मी तोच लिहिला होता, आणि डबीवरही ठळक अक्षरांत तेच छापलं होतं.

फरक ओळखायची सोपी रीत आहे. क्लॅम्प मीटर म्हणजे तारेला लावायचा चिमटा, तो करंट दाखवतो. एमपीपीटी असेल तर पॅनलकडून नऊ अँपिअर येतात आणि बॅटरीकडे वीसच्या वर जातात. भर दुपार होती, आभाळ मोकळं. मी चिमटा पॅनलच्या तारेला लावला. नऊ. बॅटरीच्या तारेला लावला. नऊ.

पुन्हा लावला. नऊच.

म्हणजे डबीत एमपीपीटी नव्हताच, आणि नाव रोज जेवढं खर्च करत होती त्यापेक्षा थोडं कमी रोज भरलं जात होतं. बॅटऱ्या भरलेल्या आल्या होत्या म्हणून पहिला आठवडा निघाला. मोबाइलचा काही संबंध नव्हता.

मी पुन्हा फोन केला तर साहेब म्हणाले, "मीटर खराब असंल."

तोपर्यंत सोसायटीच्या विमलबाई येऊन बसल्या होत्या. काठावर मासळी तोलायचं काम त्यांचं. मी कंट्रोलर खोलून हातात घेतला होता. त्यांनी तो मागून घेतला आणि खालीवर करून पाहिला.

"एवढा हलका काहून हाये वं? आत काही हाये का नाही?"

मी मोबाइलवर यादीतल्या मॉडेलची माहिती काढली. एमपीपीटीच्या पोटात तांब्याची मोठी कॉइल असते, बाहेर ॲल्युमिनियमची जाड पाठ असते. वजन लिहिलं होतं, सव्वा किलो.

विमलबाईंनी काट्यावरच्या बोटव्या मासळ्या बाजूला सारल्या आणि कंट्रोलर ठेवला. दोनशे ऐंशी ग्रॅम.

"बारक्या चिंगळ्याएवढा बी नाही भरला," त्या म्हणाल्या. "आणि अंगावर नाव मोठ्या वाघूर माशाचं."

नामदेवकाका हसले. मला हसू आलं नाही. कारण यादीतलं मॉडेल बाजारात नव्हतं तेव्हा साहेबांनी 'सेम टू सेम' म्हणून हे आणलं होतं, आणि 'माल तपासून घेतला' या ओळीखाली सही माझी होती. मी काय तपासलं होतं? डबीवरचा छापील शब्द वाचला होता. चळवळीची पत्रकं वाचत मोठी झालेली मुलगी मी, छापलेल्यावर माझा जरा जास्तच विश्वास.

रिपोर्टात लिहिलं: कंट्रोलर चुकीचा. डबीवर एमपीपीटी, आत पीडब्ल्यूएम. वापरणाऱ्यांची चूक नाही. माल तपासण्यात माझी चूक. एक प्रत विमलबाईंना दिली आणि काट्यावरच्या कंट्रोलरचा फोटो साहेबांना पाठवला.

लगेच फोन आला.

"तू आपल्याच सहीच्या विरोधात लिहून राहिली?"

"हो सर."

"आणि कॉपी त्यांले देऊन बी टाकली?"

"हो."

पलीकडे साहेबांनी तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकल्याचा आवाज आला. मग, "ये उद्या सकाळी. डबी घेऊन ये."

सकाळी गोडाऊनमध्ये आम्ही ती डबी टेबलावर फोडली. कॉइल नव्हती. साहेबांनी स्क्रू ड्रायव्हरने आत दोनदा ढोसून पाहिलं, जणू ती कोपऱ्यात लपली असेल. डीलरने त्यांनाही फसवलं होतं. शेल्फवर अशा अजून दहा डब्या होत्या.

"कोणता लावाचा ते सांग," ते म्हणाले. "हिशोबानं सांग, भाषण नको देऊ."

मी हिशोबाने सांगितलं. तीनशे तीस वॉटचं पॅनल, तेरा व्होल्टची बॅटरी, म्हणजे पंचवीस अँपिअरपर्यंत करंट. तीस अँपिअरचा घ्यायचा. पॅनल रिकामं, म्हणजे काही न जोडलेलं, असताना शेहेचाळीस व्होल्ट दाखवतं, थंडीच्या सकाळी आणखी चढतं, म्हणून कंट्रोलरची मर्यादा किमान पंचाहत्तर व्होल्ट हवी. आपल्या मे महिन्यात बंद पेटीत तो भाजेल, म्हणून जागा हवेशीर आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून वर.

दुपारी तसा कंट्रोलर विकत घेऊन साहेब स्वतः गाडी काढून माझ्यासोबत आले. मीटिंग सुरू व्हायच्या आत नवा कंट्रोलर बसला. विमलबाईंनी आधी तो तोलून घेतला. साहेबांनी खिशात हात घालून दुसरीकडे पाहिलं. चिमटा लावला: पॅनलकडे नऊ, बॅटरीकडे एकवीस. नामदेवकाकांनी दोन्ही आकडे मीटिंगमध्ये वाचून दाखवले आणि डिझेलचा विषय पुढे ढकलला गेला. चौथ्या दिवशी बॅटऱ्या पूर्ण भरल्या. आता पावसाळा सोडला तर नाव रोज चार फेऱ्या करते. मोबाइलही चार्ज होतात.

उरलेल्या दहा डब्या डीलरने परत घेतल्या नाहीत. साहेबांना त्या तशाच खपवायच्या होत्या. आमचं दोन दिवस भांडण झालं. तिसऱ्या दिवशी मी ब्लेडने दहाही स्टिकर खरवडले आणि मार्करने 'पीडब्ल्यूएम' लिहिलं. बारा व्होल्टच्या छोट्या पॅनलवर, दुकानातल्या एका दिव्यासाठी, त्या झकास चालतात. वस्तू खराब नव्हतीच. नाव खोटं होतं.

आमच्या चेकलिस्टमध्ये आता एक ओळ वाढली आहे: कंट्रोलर दोन्ही तारांवर मोजल्याशिवाय सही नाही. ओळ माझी आहे. खाली सही साहेबांची.