तन्वीला वाचता येईनासं झालं तेव्हा

टेम्पोत शेवटी आर्याची लाल प्लास्टिकची खुर्ची चढवली. त्या खुर्चीशिवाय ती कुठं जेवायला बसत नसे. मी, नवरा आणि सहा वर्षांची आर्या, असे आम्ही तिघं आमच्या गावाहून, वैशाखऱ्याहून, मुरबाडला राहायला निघालो होतो. थोरली तन्वी नऊ वर्षांची. ती मागं राहणार होती. काकूचा हात धरून ती दारात उभी होती, रडली नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "तू शानी हायेस ना गो?" तिनं मान हलवली. सासरे नवऱ्याला म्हणाले, "थोरलीची काय काळजी करू नका तुमी." खरं सांगायचं तर आम्ही ती केलीच नाही.

हे मी माझ्या मोठ्या जाऊबाईंसाठी, तन्वीच्या त्या काकूसाठी लिहितेय. त्यांना मी ताई म्हणते. आणि एका लेकराच्या शाळेपायी घर दोन ठिकाणी वाटावं लागलेल्या माझ्यासारख्या बायकांसाठीही.

आर्या उशिरा बोलायला लागली, तेही घरच्यांनाच कळेल असं. आज ओळखलेलं अक्षर उद्या तिला परकं व्हायचं. मोठा आवाज झाला की कानांवर हात ठेवून बसून राहायची. गावात सगळे तिला सांभाळून घेत, पण शिकवायचं कसं ते कुणाला ठाऊक नव्हतं. मुरबाडच्या एका शाळेत अशा मुलांसाठी विशेष शिक्षिका नेमानं येतात असं अंगणवाडीच्या बाईंकडून कळलं. नवऱ्याची नोकरी तिथल्याच कारखान्यात होती. बाजारामागं एक खोली मिळाली. एवढ्याशा खोलीत दोन मुली आणि त्यात नवऱ्याची कारखान्यातली दिवसरात्रीची पाळी, कसं निभायचं? ताई म्हणाल्या, तन्वी राहील माझ्याकडं. त्यांना मूल नाही. तन्वी तशीही त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली.

मुरबाडला शाळेची घंटा झाली की आर्या बाकाखाली शिरायची. विशेष शिक्षिकांना आम्ही मॅडम म्हणायचो. त्यांनी तिला कधी बाहेर ओढलं नाही. रोज घंटेच्या थोडं आधी त्या तिला शिपाईमामांसोबत पाठवू लागल्या, आणि टोल आर्याच द्यायची. महिन्याभरात बाकाखाली शिरणं थांबलं. मॅडमनी मलाही शिकवलं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. दात, अंघोळ, गणवेश, दप्तर अशी चित्रं ओळीनं भिंतीवर लावायची. ताटात रवा पसरून बोटानं अक्षर काढायचं. माझा सगळा दिवस त्यातच जायचा. फोनवर तन्वीशी बोलतानाही मी आर्यानं आज काय केलं तेच सांगायचे. "तुझं काय चाललंय?" विचारलं की ती "बरं हाय" म्हणायची, आणि मला तेवढं पुरायचं.

दसऱ्याला तन्वी दोन दिवस आमच्याकडं आली. आर्याच्या वह्या चाळत बसली. मला कौतुक वाटलं.

दिवाळीनंतर तिच्या सरांचा फोन आला. तन्वीला वाचता येईनासं झालंय, म्हणाले. मी हसलेच. ही मुलगी वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून दाखवायची. सर म्हणाले, एकदा येऊन वही बघा.

दुसऱ्या दिवशी आर्याला शाळेत सोडून मी एसटीनं गेले. सरांनी वही पुढं ठेवली. ओळ सोडून उतरलेली अक्षरं, 'म'चा झालेला 'भ', काना भलत्याच ठिकाणी. ते अक्षर मी लगेच ओळखलं. आर्याचं होतं. तन्वीनं ते हुबेहूब उचललं होतं.

आधी मला रागच आला. हिला कसली कमी, म्हणून ही नाटकं? शाळेमागं सावलीत तिला बसवून विचारलं. ती चपलेनं माती उकरत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला पन येत नाय आता. मला पन त्या मॅडमकडं ने."

मी तिला जवळ ओढलं. ती अंग ताठ करून बसली. सैल व्हायला तिला बराच वेळ लागला.

घरी येऊन ताईंना सांगितलं. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. "माझ्याकडं काय कमी पडलं गो तिला?" एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडं काहीच कमी पडलं नव्हतं, कमी पडले होते मी. ते त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून आज लिहितेय.

मॅडमना सांगताना मला शरम वाटत होती. त्यांनी शांतपणे विचारलं, आर्या सोबत नसताना तन्वीजवळ शेवटचं कधी बसला होतात? मला आठवेना.

वर्षाच्या मधेच तिची शाळा तोडू नका, असं मॅडम आणि सर दोघांचंही म्हणणं पडलं. मग शनिवार ठरला. आर्या वडिलांजवळ, आणि मी दुपारच्या गाडीनं एकटी वैशाखऱ्याला. पहिल्या शनिवारी तन्वी बोललीच नाही. दुसऱ्या शनिवारी ओढ्यावर कपडे धुताना तिनं गुडघ्यावरचा व्रण दाखवला. गणपतीच्या दिवसांत ती पडली होती. काकूला सांगितलं होतं, पण मला सांगू नको अशी शपथ घातली होती. आईला तिथं आधीच खूप काम आहे, म्हणून.

सरांनी तिला वर्गात वाचायला उभं केलं नाही. एक गोष्टीचं पुस्तक तिच्या दप्तरात ठेवलं आणि नंतर त्याबद्दल विचारलंही नाही. न येण्याचं सोंग घेतलं होतं खरं, पण ते सगळ्यांसमोर उतरवायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. नाताळच्या सुमारास एका शनिवारी मी तिची वेणी घालत होते. तिनं ते पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. मी वेणी फार सावकाश घातली.

जूनमध्ये तिला मुरबाडला आणलं. या वेळी दारात ताई एकट्याच उभ्या होत्या.

त्याला आता दोन वर्षं झाली. आर्या छोटी वाक्यं वाचते, जोडाक्षराला अडते. तन्वीला बहिणीचा कंटाळा आला की ती तसं स्पष्ट सांगते, भांडते. खोली अजून एकच आहे. ताई बाजाराच्या दिवशी येतात, आणि सुट्टी लागली की तन्वी त्यांच्याकडं एकटीच जाते, आर्याला घेऊन जायला नाही म्हणते.

घर कुठलं विचारलं तर मी अजून वैशाखरेच सांगते. परवा तन्वी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आज काय झालं नाय, पन तू जरा बस माझ्याजवळ." मी गॅस बंद केला आणि बसले. आर्यानं हाक मारली. तिला थांब म्हटलं, आणि ती थांबली. काही बिनसलेलं नसताना जिथं आपल्या माणसाला असं जवळ बोलावता येतं, त्यालाच मी आता घर म्हणते. ताई, तुमच्या दारात तन्वीला ते पहिल्यापासून होतं. माझ्या दारात यायला मात्र तिला आधी वाचायचं विसरावं लागलं.