नमुन्याची कवळी

कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये सहा महिने इंटर्नशिप करून मेणबाई बाहेर पडली, तेव्हा तिच्याजवळ एक सर्टिफिकेट होतं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात अकरा बिघडलेल्या कवळ्या होत्या. मेणबाई हे नाव लॅबमधल्यांनी ठेवलेलं. दिवसभर दातांभोवती मेणाच्या हिरड्या कोरत बसायची, म्हणून. सर्टिफिकेटवर 'काम समाधानकारक' असं लिहिलं होतं. ते सगळ्यांच्याच सर्टिफिकेटवर लिहितात, साचा फोडून ठेवणाऱ्याच्यासुद्धा.

या धंद्याचं दुखणं असं, की चांगलं काम हाताशी राहत नाही. जमलेली कवळी डबीत बसून दातांच्या डॉक्टरकडे जाते आणि तिथून कुणाच्या तरी तोंडात. मागे उरतात त्या फसलेल्या, आणि इंटर्नला घरी न्यायला मिळतात त्याही त्याच. पोरीनं सहा महिन्यांत शंभरेक माणसांना चावायला लावलं असेल, पण म्हणून कुणाच्या जबड्यात हात घालून 'हे बघा माझं काम' म्हणता येतं थोडंच?

शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये एक जागा निघाली होती. तिथल्या मालकांनी सर्टिफिकेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खोकं मात्र उघडलं.

"ही वाकडी. ही तडकलेली. सहा महिने हेच शिकलात?"

"सर, चांगल्या त्या पेशंटकडे जातात."

"सगळे हेच सांगतात. उद्या चारपर्यंत एक धड कवळी आणून दाखवा. नाहीतर आमच्याकडे दुसरे लोक आहेत."

तिच्या हातची, हक्कानं मागता येईल अशी एकच धड कवळी होती, आणि ती बाबांच्या तोंडात होती.

बाबा बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. दात गेले तसे 'त' आणि 'स' निसटायला लागले, तिसऱ्या फलाटाचे प्रवासी भलत्याच फलाटावर जाऊन उभे राहू लागले, आणि साहेबांनी त्यांना हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. सरकारी दवाखान्यात कवळीसाठी नंबर लावून दीड वर्ष झालं, तरी बोलावणं आलं नाही. त्या दीड वर्षात बाबा घरीसुद्धा बोलेनासे झाले. शेवटी मेणबाईनं इंटर्नशिपच्या लॅबमधल्या सरांच्या हातापाया पडून, सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये बसून त्यांची वरची-खालची कवळी केली. बाबा परत माइकवर गेले. आता घरात ते पेपर मोठ्यानं वाचतात आणि सगळ्यांचे कान किटतात.

"बाबा, एका दिवसापुरती द्याल?"

"मीच येतो की. तिला एकटीला कसं पाठवायचं?"

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, वरची कवळी काढली, रुमालानं पुसली आणि टेबलावर ठेवली. वळले तेव्हा दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. मालकांनी कवळी उजेडात धरली, कडेवरून नख फिरवलं.

"बाहेरून छान आहे. आत काय आहे, ते कापल्याशिवाय कळायचं नाही."

कवळीचं प्लास्टिक घाईनं शिजवलं की आत बुडबुडे राहतात, आणि म्हणून मोठ्या लॅबमध्ये नमुना कापून बघतात, हे मेणबाईला ठाऊक होतं. बाबांना तिनं ते सांगितलं नव्हतं. मालक वरवर बघून सोडतील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

"नको सर. मी दुसरी करून आणते," ती म्हणाली आणि कवळीकडे हात नेला.

"चार वाजत आलेत."

बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"काप," ते म्हणाले. या शब्दाला दात लागत नाहीत.

मालकांनी करवत तिच्याच हातात दिली. तिनं कवळी बरोबर मधून कापली. हात जरासुद्धा थरथरला नाही, याची तिला लाज वाटली. मालकांनी दोन्ही तुकडे भिंगाखाली फिरवले. बुडबुडा एकही नव्हता.

"उत्तम. इतकं घट्ट काम आमच्याकडेही दोघा-तिघांनाच जमतं," ते म्हणाले. बाबांचे डोळे भरून आले. "सोमवारपासून या. सहा महिने इंटर्न म्हणून. पुढं जागेचं बघू."

"पण सर, जागा तर आत्ताच आहे ना?"

"ती अनुभव असलेल्यांसाठी. इंटर्नशिप म्हणजे अनुभव नव्हे."

ती टेबलावरच्या तुकड्यांकडे बघत राहिली.

"मला ही पुन्हा नवी करून द्यावी लागेल बाबांना. इथे करता येईल?"

"इंटर्नला स्वतःचं काम करायला परवानगी नाही. आणि हे तुकडे इथेच राहतील, नमुना म्हणून."

करवत अजून तिच्याच हातात होती. ती टेबलावर आपटावी आणि ताडताड निघून जावं, असं तिला मनापासून वाटलं. पण नाही म्हटलं असतं, तर बाबांचे दात फुकट गेले असते.

"सोमवारी येते," ती म्हणाली.

बाबांनी मालकांना नमस्कार केला, आणि तोंडाशी रुमाल धरून दाराकडे निघाले.