वन्संनी उघडलेलं इंजिन

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये मोटार एकच होती आणि ती माझ्या वन्संची होती. माझ्या नवऱ्याच्या मोठ्या बहिणीची. कुणाकडून तरी चौथ्या-पाचव्या हातानं घेतलेली पांढरी अँबॅसडर. वन्सं एका रंगाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होत्या. पंप, ब्लोअर आणि पाइपलाइनी कागदावर काढायचं काम. लग्न केलेलं नव्हतं. सकाळी साडीचा पदर खोचून त्या गाडी काढायच्या तेव्हा समोरच्या गॅलऱ्यांमधून लोक बघायचे. हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडचं सांगतेय.

सासूबाईंचं माहेर माळशेज घाटाच्या वर, जुन्नरच्या बाजूला. तिथे त्यांचा एकुलता एक भाऊ होता. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडल्यापासून एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या, त्यामुळे कित्येक वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या. भावाची नजर अधू होत चाललीय असा निरोप आला आणि त्यांनी जेवण टाकलं. त्याच आठवड्यात वन्संनी आम्हाला सगळ्यांना गाडीत घातलं.

मे महिना होता. मुरबाडपर्यंत सगळं ठीक. घाट सुरू झाला आणि गाडी पहिल्या गिअरवर आली, तरी ओढेना. बॉनेटमधून वाफ यायला लागली. थांबलो, पाणी घातलं, पुन्हा निघालो. एका वळणावर ती जी बसली ती बसलीच. नवऱ्यानं आणि मी धावत जाऊन चाकांमागे दगड लावले. मागे ट्रक हॉर्न मारत होता.

सासूबाई खिडकीतून वरच्या कड्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "फिरव मागे. भाऊ काही पळून जात नाही." आणि पदर तोंडावर घेतला.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आई, भाड्याची गाडी करू. पुढच्या रविवारीच जाऊ."

"भाड्याच्या गाडीनं नाही जायचं मला. लेकीच्या गाडीनं जाईन."

आता हा हट्ट होता की लेकीची बाजू राखणं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. वन्संनी मात्र ते मनावर घेतलं.

स्टेशनजवळचा एक मेकॅनिक गाडीचं काम करायचा. त्यानं रेडिएटर साफ करून दिला आणि म्हणाला, "ताई, खरं सांगू? इंजिनाचा दम गेलाय. गावात फिरवा, घाटात नका नेऊ." वन्संनी ऐकून घेतलं. घरी येऊन बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि मला हाक मारली.

"हात धर इथे. एअर फिल्टरच्या तोंडाशी. काय वाटतं?"

"भाजतंय."

"हीच हवा ती आत ओढते. सायलेन्सरचा पाइप कार्बोरेटरच्या खालूनच जातो. गरम हवा विरळ असते. एवढ्या जड गाडीला घाटात ती कशी पुरेल?"

मी शाळेत मराठी शिकवायचे. मला एवढंच कळलं की वन्संना काहीतरी दिसलंय.

पुढचे सगळे रविवार त्या गाडीत गेले. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी सायलेन्सरचा पाइप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये आडोसा उभा केला. कारखान्याच्या भंगारातून ब्लोअरचा लवचीक पाइप रीतसर मागून आणला. फिल्टरसाठी त्यांना बंद डबा हवा होता. सासूबाईंनी कोठीतला तांदळाचा स्टीलचा डबा रिकामा केला आणि स्वतःहून पुढे ठेवला. त्याच्या बुडाला वन्संनी भोक पाडलं तेव्हा मात्र त्यांनी मान फिरवली. सांधे सायकलच्या ट्यूबनं गुंडाळून क्लिपांनी आवळले. पाइपचं तोंड पुढच्या जाळीपाशी, बंपरच्या जरा वर आणून ठेवलं.

ते चुकलं. शिळफाट्याच्या रस्त्यावर तेव्हा धुळीचे ढग असायचे. आठवड्याभरात फिल्टर उघडला तर आत मूठभर माती. पावसाचं पाणी आलं तर तेही इंजिनात जाईल, हे वन्संच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी पाइप सोडवला आणि तोंड वर, हेडलाइटच्या मागे नेलं. डब्याच्या तळाला पाणी निथळायला एक बारीक छिद्रही ठेवलं.

मग चाचणी. ठाण्याच्या पुढे घोडबंदर रस्त्याला गायमुखचा चढ आहे. तिथे जायचं ठरलं. वजन हवं म्हणून मी, नवरा आणि मागे गव्हाची दोन पोती. मुंब्रा, कळवा करत ठाण्यात शिरलो तोपर्यंत गाडी छान पळत होती. माजिवड्याहून पुढे वेग वाढवला तशी ती खोकायला लागली. कार्बोरेटरमधून फटफट आवाज. कोलशेतच्या फाट्याशी बंदच पडली.

खाडीकडून मासळीची पाटी घेऊन येणारी एक बाई थांबली. "काय गो बाय, गारी बंद परली?" तिनं विचारलं. पुरुष बाजूला उभा आणि बाई बॉनेटमध्ये, हे तिनं एकदा नीट बघून घेतलं. मग पाटी खाली ठेवून तिथेच बसली, वन्संचं होईपर्यंत.

वन्संनी एक स्पार्क प्लग काढून तळहातावर घेतला. टोक पांढरंफेक होतं.

"बघ," त्या मला म्हणाल्या, "काळा असता तर पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. आपण हवा वाढवली आणि पेट्रोल तेवढंच ठेवलं. माझंच चुकलं."

त्यांच्या आवाजात वैताग नव्हता. उलट खुशीच होती. कारखान्यातून दमून येणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या वन्संचा हा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. त्या दिवशी आम्ही गायमुखपर्यंत न जाताच हळूहळू परतलो. कल्याणच्या जुन्या बाजारातून त्यांनी कार्बोरेटरला बसेल असा मोठ्या भोकाचा, जास्त पेट्रोल सोडणारा जेट शोधून आणला. तो बसवल्यावर प्लगचं टोक भाजलेल्या बिस्किटासारखं तपकिरी आलं. तो प्लग त्यांनी नवऱ्याला, सासूबाईंना आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनाही दाखवला.

तरी समाधान नव्हतं. "आत जाण्याची वाट खडबडीत असेल तर बाहेरून कितीही हवा द्या," असं म्हणून पावसाळ्यात त्यांनी इंजिनाचं डोकंच, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, उघडलं. मेकॅनिक घाबरला. म्हणाला, "उघडा ताई, पण बसवताना मला बोलवा." त्यानं हत्यारंही दिली. ते ओतीव लोखंडाचं धूड नवऱ्यानं आणि काकांनी दोरीच्या झोळीत घालून गॅलरीत आणलं आणि जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवलं.

महिनाभर ते तिथेच होतं. हवा आत जाण्याच्या भोकांत ओतकामाच्या बारीक गाठी राहिलेल्या होत्या. वन्संनी सासूबाईंच्या जुन्या रवीच्या दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळला आणि ताक घुसळावं तशा दोन्ही तळव्यांत तो फिरवत बसायच्या. बाजूला सासूबाई वाल सोलायच्या. बोट आत घालून वन्सं म्हणायच्या, "आई, बघ गं," आणि सासूबाईही बोट घालून सांगायच्या, "इथे अजून लागतंय." वालांच्या सालींत लोखंडाची काळी पूड मिसळलेली असायची. मला वाटतं, आमच्या घरातला तो सगळ्यात सुखाचा महिना होता.

डोकं बसवायला मेकॅनिक आला. भोकांतून बोट फिरवून म्हणाला, "हे काम मी केलं नसतं. एवढा धीर नाही आपल्यात." नट कोणत्या क्रमानं आवळायचे ते त्यानं दाखवलं आणि वन्संनी स्वतः आवळले.

भाऊबीजेला आम्ही निघालो. घाटाच्या पायथ्याशी वन्संनी गाडी थांबवली नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मे महिन्यात जिथे दगड लावले होते ती जागाही मागे पडली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, जड पण न अडखळता चढत होती. सासूबाईंनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती. वर बोगदा आला तेव्हा त्यांनी हात सोडला आणि लेकीच्या खांद्यावर ठेवला.

संध्याकाळी सासूबाईंनी भावाला ओवाळलं. मामांना ताट दिसत नव्हतं. ज्योतीची ऊब लागली तशी त्यांनी मान वाकवली.

येताना नवरा हळूच म्हणाला, "ताई, थंडी होती म्हणूनही चढली असेल."

"असेल," वन्सं म्हणाल्या. "मे महिन्यात बघू."

आणि खरंच, मे महिन्यात ऐन दुपारी त्या पुन्हा घाट चढल्या. एकदा पाणी घालायला थांबावं लागलं, एवढंच. पण त्या नुसतं बघायला गेल्या नव्हत्या. मामांचा मोतीबिंदू पिकला होता आणि गावात त्यांना दवाखान्यात नेणारं कुणी नव्हतं. वन्संनी त्यांना गाडीत घातलं आणि कल्याणला आणलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा त्यांनी आधी बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हातारी झालीस की गं." सासूबाई हसता हसता रडल्या.

मामांनी उमेदीच्या वयात ऑइल इंजिनावर पिठाची गिरणी चालवली होती. जाड काचांचा चष्मा आला त्या दिवशी ते खाली गाडीपाशी गेले आणि भाचीला बॉनेट उघडायला लावलं. मी जेवायला बोलवायला गेले तर मामा विचारत होते, "हा पत्रा कशाला घातलास?" वन्सं सांगत होत्या. मग डब्याचं विचारलं, पाइपचं विचारलं, आतल्या घासकामाचं विचारलं. वन्संना थांबवत नव्हतं. दिवाळीपासून घरातल्या सगळ्यांनी कौतुक केलं होतं, पण प्रश्न कुणी विचारले नव्हते. मी वर येऊन सासूबाईंना म्हटलं, "पानं वाढलीत, गार होतील."

त्या खिडकीतून खाली बघत होत्या. "होऊ देत गार," म्हणाल्या. "बोलू दे तिला."